लाल म्हणजे उत्तर

मोबाइलच्या टॉवरवर चढणाऱ्या टोळीत तो सगळ्यांत बुटका, म्हणून टोळीनं त्याचं नाव ठेवलं उंच्या. पंधरा वर्षांत ते असं चिकटलं की खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं. बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, "ऐकलं का, उंच्याशेठ?" त्याचे वडील मात्र त्याला नुसतं 'अरे' म्हणायचे, आणि गेल्या दोन वर्षांत मधूनच 'कोण रे तू?' असंही विचारायचे.

वडील म्हणजे जुने टेलिफोन लाइनमन. फोन तारेवरून चालायचा त्या काळातले. चाळीस वर्षं खांबांवर चढण्यात गेली. त्यांची एक खोड होती. ज्या तारेला हात लावतील तिला चिठ्ठी बांधायचे. कुठून आली, कुठं चालली, कुणाच्या घरची, सगळं बारीक अक्षरात. "आधी नाव दे, मग हात लाव," असं हाताखालच्या माणसांना सांगून सांगून त्यांनी भंडावून सोडलं होतं. लोक थट्टा करायचे की यांनी लग्नातही बायकोच्या मनगटाला चिठ्ठी बांधली असणार, गर्दीत अदलाबदल नको म्हणून. हसू देत लोकांना. पण वादळात सगळ्यांच्या तारा गळ्यात गळा घालून पडल्या, की शंभरातली नेमकी तार हा माणूस अंधारात हातानं काढायचा.

मग तारा गेल्या, खांब गेले, आणि पाठोपाठ म्हाताऱ्याची आठवणही निघाली. आधी चष्मा कुठं ठेवला ते जायचं, मग आज वार कोणता, मग सून कोण. शेवटी उंच्यानंच बापाचा धडा बापावर गिरवला. घरभर चिठ्ठ्या लावल्या. 'स्वयंपाकघर'. 'संडास'. 'बाबांची खोली'. 'बाहेर जाऊ नका'. ज्यानं उभ्या वस्तीच्या तारांना नावं दिली, त्याला आता संडासाचं दार वाचून कळायचं. पण चिठ्ठ्यांचा उपयोग होत होता, आणि उंच्यानं मनाला तेवढ्यावर समजावलं होतं.

आता म्हातारा हरवला त्याच्या दीड महिना आधीचं ऐका, कारण पुढचं सगळं त्यातून आलं.

वस्तीच्या कडेला एक टॉवर होता. त्याच्या डोक्यावर तीन अँटेना, तीन दिशांना तोंड करून. उत्तरेला विटांच्या भट्ट्या, आग्नेयेला कालव्याकाठची शेतं, नैऋत्येला जुन्या दगडखाणी. प्रत्येक अँटेनाला खाली खोलीत आपापला रेडिओ. एक जड पेटी म्हणा, जी फोनचा आवाज हवेत सोडतं आणि हवेतून उचलतं. तीन अँटेना, तीन रेडिओ, आणि मनगटाएवढ्या जाड तीन केबली खालून वर गेलेल्या. लाल पट्टी उत्तरेच्या केबलीला, पिवळी आग्नेयेच्या, निळी नैऋत्येच्या. ही रीत सगळ्या टॉवरांवर सारखीच, त्यात डोकं चालवायचं नसतं.

कंपनीनं हिशेब केला की या टॉवरवर माणसं कमी बोलतात. शहरात नव्या वसाहती उठल्या होत्या, तिथं रेडिओ हवे होते. मग हुकूम आला: इथले दोन काढा, एकच ठेवा, आणि तो तिन्ही अँटेनांना वाटून द्या. मधे एक डबी बसवायची, स्प्लिटर. एका बाजूनं एक केबल आत, दुसऱ्या बाजूनं तीन बाहेर. जोर तिघांत वाटला जातो, लांबच्या माणसाला आवाज थोडा तुटक येतो, पण येतो. "एका भाड्यात तीन बिऱ्हाडं," असं सुपरवायझर म्हणाला आणि स्वतःच हसला.

हे काम उंच्यानं एकट्यानं केलं. काम सोपं होतं, वर चढायचंही नव्हतं. पण केबलींची खालची टोकं डबीपर्यंत नीट वळेनात. जाड केबल ती, हट्टी म्हातारीसारखी, वळवायला गेलं की उलट तोंड करते. म्हणून त्यानं तिन्हींची टोकं हातभर कापली आणि नवे कनेक्टर बसवले. कापलेल्या तुकड्यांबरोबर जुन्या रंगीत पट्ट्याही गेल्या. तुकडे त्यानं पोत्यात भरले, पोतं गाडीत टाकलं, आणि मग तिन्ही केबली डबीला जोडल्या. कोणती कुठल्या तोंडाला, हे त्यानं पाहिलं नाही. पाहायचं कशाला? डबीतून तिघींना एकच माल जाणार. कुठलीही कुठंही लावा, फरक शून्य.

मग अहवालाचा फोटो काढायची वेळ आली. कंपनीचा नियम असा की फोटोत तीन रंगांच्या पट्ट्या स्पष्ट दिसल्या पाहिजेत, नाहीतर अहवाल परत. उंच्यानं खिशातून पट्ट्यांची नवी रिळं काढली आणि डावीकडून उजवीकडे गुंडाळत गेला. लाल, पिवळी, निळी. फोटो झकास आला. वर जाऊन कोणती केबल कुठल्या अँटेनाची हे ताडून बघायचं तर अर्धा दिवस गेला असता, आणि घरी बाबांजवळ बायको एकटी होती. तो दुपारी जेवायला घरी पोचला आणि ते काम विसरून गेला.

आता त्या सकाळचं.

थंडीचे दिवस, धुकं असं की हात लांब केला तर बोटं दिसू नयेत. सात वाजता बायकोनं त्याला हलवून उठवलं. "अहो, बाबा नाहीत. दार उघडं आहे. हत्यारांची पिशवीपण नाही."

म्हाताऱ्याच्या गळ्यात दोरीनं बटणांचा एक साधा फोन अडकवलेला असायचा. ती बायकोचीच युक्ती. उंच्यानं फोन लावला आणि तिसऱ्या घंटीला म्हाताऱ्यानं उचलला. आवाज तुटत होता, पण होता.

"बाबा, कुठं आहात?"

"लाइनवर."

"कुठल्या लाइनवर?"

"अरे, फॉल्ट आलाय. तार सापडली, खांब सापडत नाही. कोण बोलतंय, एक्स्चेंजातून का?"

"बाबा, मी आहे. आजूबाजूला काय दिसतंय?"

"धुकं दिसतंय. डोळे फुटले का तुमचे? तुमच्याकडं नाही का धुकं?" मग खालच्या आवाजात: "पाय सरकला माझा. खड्ड्यात बसलोय. थंडी लई वाजते, साहेब. दुसरा माणूस पाठवता का?"

बापानं आपल्याला साहेब म्हटलं, हे उंच्याला लागलं. पण लागायला वेळ नव्हता. फोनमध्ये मधूनच एक टिंग टिंग वाजत होतं. बॅटरी संपत आल्याचा आवाज. शेजारी बायकोनं तोंडावर हात धरला. "रात्री चार्जिंगला लावायचा राहिला. मी झोपून गेले. अहो, मी झोपून गेले."

"खड्डा कसला आहे, बाबा? मातीचा की दगडाचा?"

"खड्ड्यासारखा खड्डा," म्हातारा म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

खड्ड्यांची त्या भागात कमी नव्हती. भट्ट्यांकडं मातीच्या खाणी, कालव्याकडं बुजवलेले हौद, दगडखाणींकडं तर नुसते खड्डेच. आणि टेलिफोनची जुनी लाइन एके काळी तिन्हीकडं गेलेली. म्हातारा पायाच्या सवयीनं त्यातल्या कुठल्याही रस्त्यानं गेला असणार.

उंच्यानं कंट्रोल रूमला फोन लावला. तिथं सगळे टॉवर पडद्यावर बघणारी एक बाई होती. सात वर्षं तो तिच्याशी रोज बोलत आलेला, तोंड कधी पाहिलेलं नाही. तिला त्यानं वडिलांचा नंबर दिला आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. तिनं नियम काढला नाही, परवानगीचा कागद मागितला नाही.

"तुमच्याच कडेच्या टॉवरवर आहे फोन," ती म्हणाली. "अंतर तीन ते साडेतीन किलोमीटर."

"आणि दिशा?"

पलीकडं कीबोर्डची टकटक ऐकू आली. "दिशा नाही दिसत. पूर्वी दिसायची, तीन रेडिओ होते तेव्हा. कुठल्या रेडिओवर फोन आहे त्यावरून कळायचं. आता तिन्ही अँटेनांना एकच आहे ना. मला तिघी मिळून एकच दिसतात."

दोन रेडिओ उंच्यानंच आपल्या हातांनी पोत्याशेजारी गाडीत चढवलेले. साडेतीन किलोमीटरचं एक भलंमोठं कडं, आणि त्याच्या परिघावर कुठंतरी बाप थंडीत बसलेला. पोलिसांना कळवलं, शेजारी जमले, पण तीस माणसं धुक्यात पाठवायची कुठं? तिन्हीकडं दहा-दहा वाटली तर धुक्यात दहा माणसं म्हणजे काहीच नाही. खड्ड्याच्या काठावरून जातील आणि तळ दिसायचा नाही.

मग त्याला युक्ती सुचली. खरंच चांगली युक्ती होती, हे त्याच्या पदरात टाकलंच पाहिजे. बाबा फोनवर बोलत असताना खोलीत जाऊन एक केबल काढायची. ज्या केबलीबरोबर बाबांचा आवाज बंद होईल, त्या दिशेला बाबा. त्या भागात दुसरा टॉवर नव्हता, आवाज दुसरीकडून यायची भीती नव्हती. आणि टॉवरच्या पायथ्याशी तिन्ही अँटेना पोचतात, एक केबल काढून तिथला फोन तुटत नाही.

मोटारसायकलवरून तो टॉवरपाशी पोचला, बायकोला मागं बसवून. खोलीचं कुलूप काढलं. कंट्रोलच्या बाईला सांगितलं. ती म्हणाली, "रेडिओ चालू असताना केबल काढायची नाही, हे तुम्हाला माहीत आहे." मग म्हणाली, "मी आता चहाला उठतेय. दहा मिनिटं मला कुठलाही अलार्म दिसणार नाही. काढा."

बायकोच्या हातात त्यानं फोन दिला. खोलीतून फोन लागेना, म्हणून ती बाहेर पायरीवर उभी राहिली. "त्यांना बोलतं ठेव. काहीही विचार. आवाज गेला की ओरड."

ती बोलत राहिली. "बाबा, चहा घेतला का? बाबा, तार कुठली सापडली ते सांगा ना." म्हातारा तिला तार सांगत होता, तांब्याची, दोन पदरी, एकीकडून तुटलेली. उंच्यानं पान्यानं पहिली केबल सैल केली. डावीकडची. लाल पट्टीची. कनेक्टर सुटला आणि बाहेरून बायको ओरडली, "गेला! आवाज गेला!"

त्यानं झटकन केबल परत जोडली. "लाव, पुन्हा लाव!" तिनं लावला. एकदा घंटी वाजली. म्हाताऱ्यानं उचललासुद्धा, "हॅलो, एक्स्चें..." एवढं म्हणाला, आणि मग कायमचं बंद. बॅटरी संपली.

पण काम झालं होतं. लाल म्हणजे उत्तर. उंच्यानं बाहेर येऊन बायकोचे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाला, "भट्ट्यांकडं आहेत. सापडले समज." त्या क्षणी तो खूश होता. छाती फुगली होती म्हटलं तरी चालेल. बापानं तारेवर जे आयुष्यभर केलं ते पोरानं हवेवर केलं, असं काहीतरी त्याच्या मनात आलं, आणि हे बाबांना सांगू, कळो न कळो, असंही. समोरची लाल पट्टी नवी कोरी चकचकत होती. नऊ वर्षांच्या टॉवरवर नवी पट्टी कशी, हे त्याच्या मनातही आलं नाही. स्वतःच्या हातानं लावलेल्या पट्टीवर कोण शंका घेतो?

तीसच्या तीस माणसं भट्ट्यांकडं निघाली. शिवाय पोलिसांची गाडी, दोर, कंदील, एक कुत्रं. हवालदारानं उंच्याच्या पाठीवर थाप मारली. "डोकं लागतं, राव. आम्ही दोन दिवस हिंडलो असतो."

मातीच्या खाणी चौदा होत्या. एकेका खाणीत माणूस उतरवायचा, हाका मारायच्या, काठीनं चाचपायचं, वर यायचं. नऊ वाजले, अकरा वाजले. धुकं वर सरकायच्या ऐवजी आणखी खाली बसलं. उंच्याचा हाका मारून घसा बसला. दुपारी एकाला चौदाही खाणी झाल्या होत्या. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, कारण म्हातारा तिथंच असला पाहिजे, उंच्या तसं म्हणत होता, आणि उंच्यावर सगळ्यांचा विश्वास बसला होता. कुणीतरी म्हणालं, चार माणसं दगडखाणींकडं पाठवू का? उंच्याच चिडला. "दिशा कळलीय ना? मग काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला?"

अडीच वाजता तो विटांच्या एका ढिगावर बसला. पायांत गोळे आले होते. बायको शेजारी येऊन बसली. तिच्या हातात थर्मास होता, पण झाकण उघडायचं ती विसरली होती.

"तुम्हाला सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "सकाळी मी पाहिलं. बाबांनी रात्री घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या काढून परत लावल्यात. एकदम सरळ, चारही कोपरे दाबून. पण भलत्याच जागी. 'संडास' स्वयंपाकघराच्या दारावर. 'बाबांची खोली' बाहेरच्या दारावर." ती हसायला गेली आणि रडायला लागली. "त्यांना वाटलं असेल, आपण खोलीत चाललोय."

उंच्यानं तिच्याकडं पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडं पाहिलं. एकदम सरळ, चारही कोपरे दाबून. भलत्याच जागी. लाल, पिवळी, निळी, डावीकडून उजवीकडं, फोटोपुरती.

तो उठला. बायकोनं विचारलं काय झालं. त्यानं सांगितलं नाही. तीस माणसं चिखलानं माखलेली समोर उभी होती, सकाळपासून त्याच्या शब्दावर उतरत-चढत होती. त्यांना त्याच क्षणी ओरडून सांगायला हवं होतं, की सोडा हे, दुसरीकडं पळा. पण तो "एक गोष्ट बघून येतो," एवढंच म्हणाला आणि मोटारसायकलला लाथ मारली.

टॉवरच्या खोलीत पोचल्यावर त्यानं लाल पट्टीची केबल पुन्हा काढली, बाहेर आला, आणि तीन माणसांना फोन लावले. भट्टीवरच्या हवालदाराला लागला. हवालदार म्हणाला, "बोला." कालव्याच्या पंपावरच्या माणसाला लागला. दगडखाणीच्या काट्यावर वजन करणारा एक ओळखीचा माणूस होता, त्याला लावला. संपर्क होऊ शकत नाही. पुन्हा लावला. संपर्क होऊ शकत नाही.

लाल केबल दगडखाणींकडची होती. नैऋत्येची.

या चाचणीला पुरती दोन मिनिटंही लागली नव्हती. सकाळी साडेसातला हीच केली असती तर? बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, ते हे. उंच्या खोलीच्या भिंतीवर डोकं आपटत नाही बसला, एवढंच. केबल जोडली, काट्यावरच्या माणसाला सांगितलं, हवालदाराला सांगितलं, "दगडखाणींकडं या सगळे. चूक झाली," आणि निघाला. कसली चूक, ते हवालदारानं विचारलं नाही.

म्हातारा चार वाजून दहा मिनिटांनी सापडला. काट्यावरच्या माणसालाच सापडला, तो आधी पोचला होता. एका बंद पडलेल्या उथळ खाणीत, दीड पुरुष खोल, बाजूला दगडाच्या पायऱ्यांसारखे टप्पे. धडधाकट माणूस हसत वर आला असता. म्हाताऱ्याचा पाय घोट्यापाशी उलटा झाला होता. पाठ दगडाला टेकलेली, मांडीवर हत्यारांची पिशवी. कुठल्याशा गाडलेल्या खांबातून निघालेली तांब्याची तार त्याच्या उजव्या मुठीत होती, आणि तिला चिठ्ठी बांधलेली. घरच्याच चिठ्ठीचा फाडलेला तुकडा, उलट बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं: 'एक्स्चेंज ते खाण. इथं तुटली.' अक्षर बारीक, एकही चूक नाही.

उंच्यानं त्याच्या गळ्याला हात लावला, मग सदऱ्यातून छातीला. हात गार होते, तोंड गार होतं. पण काखेत, सदऱ्याच्या आत, अजून ऊब होती.

डॉक्टरनं नंतर सांगितलं की सापडले तेव्हा जाऊन तास, फार तर दीड तास झाला असेल. थंडीनं गेले. त्यानं हे समजूत घालायला सांगितलं, की फार त्रास झाला नसेल, झोप लागल्यासारखं होतं. उंच्यानं मनातल्या मनात वेळ मोजली. चार दहातून दीड तास. दोन चाळीस. तेव्हा तो विटांच्या ढिगावरून उठत होता.

त्यानंतरचे दिवस माणसं येत-जात राहिली. सगळे उंच्याचं कौतुकच करत होते, हे सर्वांत वाईट. कंट्रोलच्या बाईनं फोन केला आणि रडली. हवालदारानं कागदावर लिहिलं, की नातेवाइकांनी शर्थ केली, दाट धुक्यामुळं यश आलं नाही. धुकं बिचारं, त्याला तोंड नाही. आणि बायको येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होती. "मी फोन चार्जिंगला लावला नाही. रोज लावते. त्याच रात्री राहिला. फोन चालू असता तर वाचले असते." बायका तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि काही म्हणायच्या नाहीत, म्हणजे त्यांनाही तसंच वाटत होतं. रात्री ती जेवत नव्हती. उंच्या समोर बसून ताटात बघत होता. आज सांगू, उद्या सांगू. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी सुपरवायझर आला. खुर्चीच्या कडेवर बसला, पाणी प्यायला, टोपी गुडघ्यावर ठेवली. वाईट झालं म्हणाला. हवी तेवढी रजा घे म्हणाला. मग जरा घुटमळून म्हणाला की वरून आणखी अकरा टॉवरांचा हुकूम आलाय, तसंच एका रेडिओवर तीन अँटेना करायच्या, आणि तुझ्याच कामाचा फोटो नमुना म्हणून सगळ्यांना पाठवलाय. "बघ, तीन रंग कसे छान दिसतात." तो खरंच त्याला बरं वाटावं म्हणून बोलत होता.

"साहेब, त्या पट्ट्या खोट्या आहेत," उंच्या म्हणाला.

"म्हणजे?"

"केबली कापल्यावर मी न बघता लावल्या, फोटोपुरत्या. लाल उत्तरेची नाही, दगडखाणींकडची आहे. त्या सकाळी फोननं बाबा दगडखाणींकडं आहेत हेच सांगितलं होतं. पट्टीनं सांगितलं उत्तर, मी माणसं उत्तरेला नेली. सात तास."

सुपरवायझरनं मान हलवली, जसं लोक दुःखातल्या माणसाचं काहीबाही बोलणं ऐकताना हलवतात. मग पुढं वाकून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अरे, मनाला लावून घेऊ नको. पट्ट्यांचं काय एवढं? तिघींना एकच तर रेडिओ आहे. कुठलीही कुठंही लागली तरी फरक काय पडतो?"

उंच्यानं त्याच्याकडं पाहिलं. केबली जोडताना तो मनाशी जे म्हणाला होता, ते शब्दसुद्धा जवळपास हेच होते.

सुपरवायझर गेला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिच्या शेजारी, उघड्या दारावर, 'संडास' ही चिठ्ठी अजून तशीच होती. दहा दिवसांत कुणी काढली नव्हती.

"म्हणजे फोननं सांगितलं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम सपाट होता. "बॅटरी संपायच्या आधी."

"हो."

"माझ्यामुळं नाही."

"नाही."

दहा दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर ती स्वतःला कोसत होती आणि तो हातभर अंतरावर बसून ऐकत होता, हे तिच्या डोळ्यांत एकेक करून उतरताना त्याला दिसलं. ती रडली नाही. पुढं आली नाही.

"दहा दिवस," एवढंच ती म्हणाली. मग वळून आत गेली आणि दार लावून घेतलं. उंच्या बाहेरच्या खोलीत एकटा बसून राहिला, समोर दार बंद, आणि त्यावर त्याच्याच अक्षरातली, बापानं चारही कोपरे नीट दाबून लावलेली चिठ्ठी.